दादा, ॲक्सिडेंट म्हणजे काय

प्रिय दादा,

आज माझा जबाब झाला. कारखाना निरीक्षकांच्या ऑफिसात, वहिनीच्या पाठोपाठ. टेबलापलीकडच्या साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ॲक्सिडेंटची बातमी तुम्हाला कधी कळली?" सोपा प्रश्न होता. उत्तर मला पाठ होतं. पण त्या एका शब्दापाशी माझी जीभ अडली. साहेबांना वाटलं, रडू आलं असेल. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. मी रडत नव्हते रे. हा शब्द मी गुपचूप मान्य केला तर पुढचं सगळं बोलणं वाया जाईल, एवढंच माझ्या डोक्यात चाललं होतं.

आता खोलीवर आलेय. जेवण्याची इच्छा नाही. हे कुणाशी बोलू? आपल्या घरात इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारणारा तूच एकटा होतास. म्हणून तुलाच लिहितेय.

आठवतं तुला, कसले कसले शब्द विचारायचास? आपण मेंढरांमागं वाढलेली लेकरं. दौलताबादच्या किल्ल्यामागच्या माळावर अण्णांची मेंढरं चरायची आणि आपण दोघं बांधावर बसून पुस्तकं वाचायचो. तू आयटीआय करून फिटर झालास, चितेगावच्या कंपनीत कंत्राटावर लागलास. मी शिकत राहिले आणि संभाजीनगरात ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवायला लागले. तुला त्याचं काय कौतुक होतं! पैठण रोडवरच्या टपरीवर मला चहा पाजायचास आणि अनोळखी माणसांनाही सांगायचास, "ही आपली बहीण. इंग्रजीची मॅडम आहे." मी लाजेनं अर्धी व्हायचे.

जेवणाच्या सुट्टीत तुझा फोन यायचा. एकदा विचारलंस, "डाय म्हणजे मरणं ना गं? मग आमच्या साच्याला डाय का म्हणतात?" मी सांगितलं, ते दोन वेगळे शब्द आहेत, स्पेलिंग तेवढं एक. साच्याचा डाय म्हणजे मुळात जुगाराचा फासा, आणि मरण्याचा डाय दुसऱ्याच देशातून आलेला. त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तू म्हणालास, "बरं झालं. रोज त्याच्याजवळ उभं राहायचं असतं." आणि हसलास.

तुझा लाडका शब्द मात्र चान्स. "परमनंटचा चान्स आहे औंदा." दर दिवाळीला हेच वाक्य. वहिनी चिडवायची, "औंदा औंदा करत पोरगी शाळंला जायला लागली." तरी तुझा त्या शब्दावर विश्वास होता.

तो दिवस मी पुन्हा लिहू का? तुला माहीत नसलेला भागच लिहिते.

मी अकरावीच्या वर्गात होते. वहिनीचा फोन दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा मी बाहेर येऊन घेतला. ती एवढंच म्हणाली, "ताई, सरकारी दवाखान्यात या." तिच्या आवाजात कसलाच चढउतार नव्हता. त्यावरूनच मला कळलं.

मी पोचले तेव्हा तुला आत नेलं होतं. वहिनी भिंतीला टेकून उभी होती, तुझी चिमुकली ओवी तिच्या पदराला धरून. कंपनीतल्या चार-पाच जणांपैकी कुणीच आमच्याकडं बघत नव्हतं. ट्रकवर चढवायचा डाय क्रेननं उचलला होता, पट्टा तुटला, डाय खाली आला आणि खाली तू होतास, एवढं त्यांच्या कुजबुजीतून मला समजलं. उचलताना तो डाय हलू नये म्हणून तू हातानं धरला होतास.

अण्णा गावाकडून आले, खांद्यावर घोंगडं तसंच. मेंढरं शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून आले होते. त्यांनी कंपनीच्या साहेबाला विचारलं, "कसं झालं?" इस्त्रीचा शर्ट घातलेला तो माणूस त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ॲक्सिडेंट झाला काका. अशा गोष्टी कुणाच्या हातात नसतात." अण्णांनी मान हलवली. बघ ना दादा, अण्णांना इंग्रजीचं अक्षर येत नाही, पण हा शब्द त्यांना कळला. एसटी उलटली की ॲक्सिडेंट, मेंढरू टेम्पोखाली आलं की ॲक्सिडेंट. हा शब्द आपल्या माळावर केव्हाच येऊन राहिलाय. तो ऐकला की माणूस मान हलवतो आणि पुढचं विचारत नाही.

हवालदारानं नाव, गाव, वय विचारलं आणि नोंद केली. अकस्मात मृत्यू.

तेराव्यानंतर इस्त्रीच्या शर्टातले ते साहेब आणखी एकाला घेऊन गावी आले. अण्णांच्या ओट्यावर बसले, चहा घेतला, तुझं कौतुक केलं. तू मेहनती होतास, कधी खाडा केला नाहीस, असं सगळं. मग म्हणाले, कायद्यानं जी भरपाई आहे ती मिळेलच. शिवाय वहिनींना आम्ही कँटीनमध्ये लावून घेऊ, कायमचं. फक्त एक करायचं. चौकशीत सांगायचं की क्रेन चालवणाऱ्याच्या चुकीमुळं हे झालं, कंपनीबद्दल आमची तक्रार नाही.

क्रेन चालवणारा म्हणजे रफिकभाई. तुझ्या डब्यातली ठेच्याची भाकरी खाणारा आणि ईदला तुझ्या घरी शीरखुर्मा आणून देणारा रफिकभाई. पोलिसांनी त्याला दोनदा बोलावून नेलं होतं. कंपनीनं कामावर यायचं नाही म्हणून सांगितलं होतं.

अण्णा लगेच म्हणाले, "सांगू की. चूक केलीच ना त्यानं." वहिनी आतल्या दारात उभी होती. ते गेले तसं तिनं मला हळूच विचारलं, "ताई, रफिकभाईचं घर ठाव हाये का तुम्हाला?"

आम्ही दोघी शहागंजला गेलो. बाजाराच्या मागं, अरुंद बोळात घर. दार त्यांच्या अम्मीनं उघडलं. वहिनीचं मोकळं कपाळ बघून ती म्हातारी दारातच खाली बसली. रफिकभाई आतून आले. दाढी वाढलेली. त्यांना वाटलं आम्ही शिव्या द्यायला आलोय. ते वहिनीसमोर हात जोडून उभे राहिले आणि किती वेळ मान वर करेनात.

वहिनी म्हणाली, "मला फक्त काय झालं ते सांगा. खरं ते."

त्यांनी सांगितलं. पट्टा आठवडाभर आधीच उसवला होता. आतला लाल धागा दिसत होता, आणि तो दिसला की पट्टा वापरायचा नसतो. तू सुपरवायझरला सांगितलं होतंस. रफिकभाईनंही सांगितलं होतं. नवा पट्टा मागवलाय, असं उत्तर यायचं. त्या दिवशी माल न्यायला ट्रक येऊन उभा होता. रफिकभाई म्हणाले, मी उचलत नाही. सुपरवायझर म्हणाला, आजचा दिवस भागवा, नाहीतर दोघंही घरी जा.

"मैं नक्को बोला भाभी," रफिकभाई म्हणाले. "उसने मेरेकू बोला, उचल यार, इस महिने मेरा परमनंट का कागज है. धीरे उचल, मैं पकडता हूँ."

वहिनीनं डोळे मिटले. अम्मी आतून पाणी घेऊन आल्या होत्या, ते तसंच हातात राहिलं.

दादा, मी तुला एक विचारू? का गेलास रे खाली? तुला लाल धागा दिसत होता. तुला ठाऊक होतं. त्याच आठवड्यात तू मला फोन करून विचारलं होतंस, "डिस्कार्ड म्हणजे काय गं? पट्ट्याच्या लेबलवर लिहिलंय." मी म्हणाले, टाकून द्यायचं, वापरायचं नाही. तू म्हणालास, "अर्थ तर सोपाय. मग टाकून का देत नाहीत?" पण तू तरी थांबायचंस. ट्रक उभा राहिला असता एक दिवस. काय झालं असतं? हे मी तुला रागावून विचारतेय, आणि राग तुझ्यावर नाही हेही मला कळतंय. एका कागदासाठी तू त्या डायखाली उभा राहिलास, आणि तो कागद आपल्या घरात दरवर्षी यायचा होता.

शहागंजहून आल्यावर दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या ग्रंथालयात गेले. तिथं एक जाडजूड शब्दकोश आहे, शब्दांची मुळं सांगणारा. कुणी हात लावत नाही त्याला. तू असतास तर फोन करून विचारलंच असतंस, हा ॲक्सिडेंट आला कुठून? म्हणून मी ते पान उघडलं.

मूळ शब्द लॅटिन आहे. त्याचा अर्थ पडणं. त्याच्या आधी एक उपसर्ग लागलाय, त्यानं अर्थ होतो, येऊन पडणं. अंगावर पडणं. मी कोश मिटला. दादा, त्या शब्दाच्या पोटात तुझं मरण शब्दशः लिहिलेलं होतं रे.

मग पुन्हा उघडला. आधी या शब्दात वाईट काही नव्हतंच. जे घडतं ते, चांगलं असो वा वाईट, सगळं ॲक्सिडेंट. हळूहळू त्यात योगायोग शिरला. मग दुर्दैव शिरलं. आता एवढंच उरलं, की काहीतरी पडलं आणि कुणीच पाडलं नाही. त्याच पानावर त्याची भावंडंही दिलेली होती. चान्स. तुझा चान्स त्याच पडण्यातून आलाय, फासा पडतो तसा. आणि केसही, कोर्टातली. पोलीस रफिकभाईवर जी टाकायची म्हणत होते ती. एका धातूची तीन लेकरं, आणि तिन्ही आपल्याच घरात शिरली.

मग आपला शब्द बघितला, अपघात. त्यात घात आहे. हन् म्हणजे मारणं, त्याच्यापासून घात. विश्वासघात म्हटलं की कुणीतरी विश्वास मोडलेला असतो. आत्मघात म्हटलं की कुणीतरी स्वतःला मारलेलं असतं. घाताला करणारा लागतो. इंग्रजी शब्दात नुसतं पडणं आहे, आपल्या शब्दात मारणारा हात आहे. पण रोज वापरून वापरून आपणही तो हात बघायचं सोडून दिलंय.

आणि हवालदाराचा अकस्मात! कस्मात् म्हणजे कशामुळं. अकस्मात म्हणजे कशामुळंही नाही. तुझं मरण सरकारदप्तरी कशामुळंही झालेलं नाही, दादा.

त्या संध्याकाळी चितेगावला तुमच्या खोलीवर जाऊन हे सगळं मी वहिनीला सांगितलं. ती शेंगा निवडत होती. तिला लॅटिनशी काय घेणं? मला वाटलं, ऐकते म्हणून ऐकतेय. अकस्मातचा अर्थ सांगितला तसा तिचा हात थांबला.

"कशामुळं नाय कसं?" ती म्हणाली. "पट्ट्यामुळं गेला माणूस. एवढं बी लिहिता येत नाय व्हय त्यांना?"

मी तिच्या शेजारी बसून शेंगा निवडायला लागले.

कंपनीचे साहेब उत्तर न्यायला आले तेव्हा मी तिथंच होते. अण्णाही गावाकडून आले होते, सून हो म्हणेल या भरवशावर. वहिनीनं डोक्यावर पदर घेतला आणि खाली बघतच बोलली. "मला काम पाहिजे, साहेब. लई गरज हाये. पण त्या माणसाच्या मानेवर पाय देऊन नको." साहेबांनी पुन्हा समजावलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं, त्याच आवाजात.

ते गेल्यावर अण्णा भडकले. तुला माहीत आहे, अण्णा ओरडत नाहीत. त्या दिवशी ओरडले. "गेलेलं पोरगं येत नाय माघारी. हाये त्या लेकराचं बघा!" मला म्हणाले, तुझ्या शिक्षणानं घर बुडवलं. ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही. कँटीनची नोकरी गेली. वहिनी आता चितेगावातच एका शेडमध्ये खोकी बांधते. रोज तुझ्या कंपनीच्या गेटावरून जाते आणि येते. हात सोललेत तिचे. अण्णा त्या दिवसापासून माझ्याशी बोलले नाहीत.

आज मात्र जबाबाला आले. आत आले नाहीत, बाहेर जिन्यावर बसून राहिले.

वहिनीचा जबाब आधी झाला. कंपनीचा वकील समोर बसला होता. तिनं सांगितलं, त्या दिवशी सकाळी भाकरी खाताना तू म्हणाला होतास, आज पट्टा नाही बदलला तर साहेबाशी भांडतो. वकिलानं विचारलं, नवरा घरी कामाच्या गोष्टी करायचा का? ती म्हणाली, "दुसरं होतंच काय त्याच्याकडं?" वकील कागदात बघायला लागला.

मग मी. पाणी प्यायले आणि साहेबांना म्हणाले, मी याला ॲक्सिडेंट म्हणू शकत नाही. साहेब वाईट माणूस नव्हते. थकलेले होते. म्हणाले, मॅडम, रकान्यात तोच शब्द छापलेला आहे, मी बदलू शकत नाही. तुम्हाला काय माहीत आहे ते सांगा. मी फोनचं सांगितलं. तू डिस्कार्डचा अर्थ विचारलास, मी काय सांगितलं, त्यावर तू काय म्हणालास. साहेबांनी लिहून घेतलं. वकील म्हणाला, फोनवर कोण काय बोललं याला पुरावा नसतो. तो जुना पट्टा कुठं आहे, असं साहेबांनी त्याला विचारलं. सापडत नाही, म्हणाला. तुझ्या अंगावरून डाय काढला त्याच संध्याकाळी तिथं नवा पट्टा आला होता, दादा. मागवलेला नवा पट्टा एका संध्याकाळीत आला.

निघताना साहेब म्हणाले, या दोन जबाबांवर एकट्या क्रेनवाल्यावर ढकलता येणार नाही. म्हणजे रफिकभाई सुटतील बहुतेक. मी विचारलं, आणि बाकीचे? साहेबांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, दंड होईल. सुपरवायझरची केव्हाच दुसऱ्या गावच्या कारखान्यात बदली झालीय, बढतीवर. हेच काय ते हाती आलं. तुला खोटं कशाला सांगू?

आम्ही बाहेर आलो तेव्हा रफिकभाई जिन्यापाशी उभे होते. कंपनीनं त्यांना अजून परत घेतलेलं नाही, शहागंजात हातगाडी लावतात. अण्णांकडं बघायची त्यांची हिंमत होत नव्हती. अण्णा सरकले. पायरीवर थोडी जागा केली. रफिकभाई बसले. मग अण्णांनी मला विचारलं, "तुझं झालं का गं समदं?" मी म्हणाले, झालं. एवढंच बोलले ते माझ्याशी, पण बोलले.

ओवी आता दुसरीत आहे. शाळेत कुणी विचारलं की सांगते, माझ्या बाबांचा ॲक्सिडेंट झाला. स्पष्ट उच्चार करते, अगदी बाईंनी शिकवल्यासारखा. समोरचं माणूस च्च च्च करतं आणि विषय संपतो. अजून लहान आहे, म्हणून मी तिला अडवत नाही.

पण ती मोठी होईल, दादा. एक दिवस नीट समोर बसून विचारेल की बाबा कशामुळं गेले. त्या दिवशी मी तिला तो शब्द देणार नाही. पडलं, झालं, घडलं, नशीब, असलं काहीच सांगणार नाही. मी सांगेन, पट्टा फाटला होता. तुझ्या बाबांनी ते बघितलं होतं आणि सांगितलं होतं. ज्यांनी ऐकायला हवं होतं त्यांनी ऐकलं नाही, आणि त्यांची नावं ही. मी नावं सांगेन, दादा, एकूण एक. तेवढं माझ्याकडं लागलं.

तुझी,
कावेरी